भिंतीवरची झाडं

आमचं धरण छोटं, मातीचं. त्याच्या भिंतीवर झाडं लावायचं मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं.

"साहेब, मुळं भिंतीत शिरतात आणि त्याच वाटेनं पाणी बाहेर पडतं. खाली वस्ती आहे," मी म्हणाले.

"मॅडम, इंजिनियर झालात म्हणून झाडांचं वावडं कशाला?"

सगळे हसले. रोपं लागली, टाळ्या पडल्या, हातात झारी घेतलेल्या साहेबांचा फोटो जिकडेतिकडे फिरला.

घरी आल्या आल्या सासूबाईंना म्हटलं, "आई, उद्यापासून शेळ्या धरणावर न्या."

"अगं, कालपर्यंत तूच त्यांना तिथून हाकलत होतीस ना?"

"काल होते मी मूर्ख."

महिन्याभरानं साहेब फोटोग्राफरला घेऊन पुन्हा आले. भिंतीवर औषधालाही रोप उरलं नव्हतं. गवताच्या उतारावर सासूबाईंच्या सात शेळ्या निवांत रवंथ करत बसल्या होत्या.

साहेबांचा पारा चढला. "एवढ्या धरणाची काळजी घ्यायला तुमच्याकडे कोणीच नाही?"



"आहेत ना, साहेब. सातही जणी ड्यूटीवरच आहेत."