परिसरातलं उदाहरण

“परिसरातलं एक उदाहरण द्या, एवढंच विचारलंय. त्यात काय डोंगर फोडायचाय?” लताबाईंनी राज्यशास्त्राचं पुस्तक चैतालीच्या पुढ्यात आपटलं.

प्रश्न असा होता: जातीवरून भेदभाव करणे संविधानाला मान्य नाही; आपल्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा. चैताली पेनाचं टोपण चावत बसली होती.

“आपल्या परिसरात असलं काही नाहीच. मग कुठून देऊ?”

“नसू दे. बनवून लिही. पेपर तपासणारा काय पंचवटीत बघायला येणारे?”

लताबाई सकाळपासून वैतागलेल्या होत्या. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरगी पूर्वपरीक्षेत विज्ञान अन् सामाजिक शास्त्र दोन्हींत आपटलेली. शिकवणीला घातलं, तर म्हणे सर लय भरभर बोलतात. घरी बसवलं, तर म्हणे पंखा कुरकुरतो. नाचता येईना, अंगण वाकडं. नवरा पहाटेच भाजीबाजारात जायचा आणि दुपारी येऊन आडवा व्हायचा. त्याने एकच सांगून ठेवलं होतं, दहावी सुटली नाही तर जूनपासून हिला गाळ्यावर बसवायची. लताबाई सायखेड्याहून लग्न होऊन आल्या त्या थेट त्याच गाळ्यावर मेथीच्या जुड्या बांधायला बसल्या होत्या. पोरीच्या नशिबी ते नको, एवढंच त्या रोज देवाला सांगायच्या. पण देव काही अभ्यास घ्यायला येत नाही.

म्हणून त्यांनी स्वतःच डोकं चालवलं. माडीवरची खोली रिकामी होती. ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी त्यांनी खालच्या दाराबाहेर लावली आणि गल्लीत सांगून टाकलं, शिक्षिका मिळाली तर भाडं कमी घेईन, फक्त तिने पोरीकडे बघायचं.

आणि आज, या प्रश्नावरून मायलेकींची जुंपलेली असताना, जिना चढून एक तरुण बाई दारात उभी राहिली.

“पाटी बघितली खाली. मी तेजस्विनी. इथल्याच शाळेत नवीन लागलेय, विज्ञान शिकवते.”

लताबाईंना आंधळा मागतो एक डोळा तसं झालं. त्यांनी पदराने खुर्ची पुसली, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यापाशी उभ्या राहून नवऱ्याच्या भाजीच्या गाळ्यापासून पोरीच्या अभ्यासापर्यंत सगळं गाऱ्हाणं ऐकवलं. “वस्तुमान आणि वजन यातला फरक चार दिवस घोकतेय मॅडम. तोंडपाठ म्हणते, अन् जरा फिरवून विचारलं की गप्प.”

तेजस्विनी चैतालीशेजारी खाली सतरंजीवरच बसली. “पप्पांचा दोन पारड्यांचा तराजू बघितलायस ना? तो चंद्रावर नेला. एका पारड्यात किलोचं माप, दुसऱ्यात किलोभर वांगी. तिथं वांग्यांचं पारडं वर जाईल?”

चैतालीने विचार केला. “नाही. वांगी हलकी झाली तर माप पण तेवढंच हलकं होईल.”

“आणि तीच वांगी ताणकाट्याला अडकवली तर?”

“तो कमी दाखवेल.” चैतालीचा चेहरा उजळला. “म्हणजे वस्तुमान तेच राहिलं, वजन बदललं. एवढंच होतं होय?”

लताबाईंना भरून आलं. चार दिवसांची कटकट चहाला उकळी यायच्या आत मिटली होती. त्यांनी साखर घातली, आल्याचा तुकडा ठेचला. “आजच सामान आणा मॅडम. तुम्हाला जेवायचा डबाही मीच देत जाईन. आणि आडनाव विचारायचं राहिलंच की.”

“पगारे.”

“पगारे म्हणजे, कुठले तुम्ही?”

“नांदगावचे.” पुढचा प्रश्न तेजस्विनीला पाठ होता, म्हणून तिने तो विचारूच दिला नाही. “आम्ही बौद्ध.”

लताबाईंचा हात गॅसच्या बटणाकडे गेला. चहा उकळता उकळता खाली बसला.

“बघा, माझ्या ध्यानातच राहिलं नाय. ह्यांनी कालच कुणाला तरी शब्द दिलाय खोलीचा.”

‘हे’ आतल्या खोलीत घोरत होते. खोली दिल्याचं त्यांना स्वप्नातही माहीत नव्हतं.

तेजस्विनी उठली. “मग पाटी तेवढी काढून ठेवा. उन्हातान्हात लोक उगाच जिना चढतात.” तिने चैतालीच्या पाठीवर हात ठेवला. “पेपर चांगला लिही. तुला येतंय सगळं.” चपला घालून ती जिना उतरली.

चैताली आईकडे बघत राहिली.

“बघतेस काय अशी? माझं काही नाय गं. पण उद्या तुझे काका, आत्या, ही गल्ली, सगळे मलाच बोलणार. तुला नाय कळायचं ते.” लताबाईंनी गाळणं ताटलीत आदळलं. त्यांना स्वतःचाच राग आला होता आणि तो पोरीवर निघत होता. “आता राहिलेला तो प्रश्न घे. सुचत नसेल तर बनवून लिही म्हणलं ना?”

चैतालीने वही ओढली आणि लिहायला लागली. पंख्याची तक्रार नाही, पेन चावणं नाही. लताबाईंना जरा हायसं वाटलं. मॅडम गेल्या तर गेल्या, निदान पोरगी लिहिती तरी झाली.

अर्धं पान झाल्यावर चैतालीने मान वर केली.

“आई, उदाहरणात आडनाव कुणाचं लिहू? मॅडमचं, का आपलं?”