दुपारी तीनचा फोन

समाजशास्त्राच्या पुस्तकाचं तेच पान अपेक्षानं सकाळपासून सहाव्यांदा उघडलं आणि सहाव्यांदा आईची हाक आली.

“अपे, हळदीला पिवळ्या साड्या किती लागतील गं?”

“आई, मी वाचतीया.”

“मग वाचता वाचता सांग की.”

घरात लग्न निघालं होतं आणि ते अपेक्षाचंच होतं. मुलगा कवठे महांकाळचा, बिरदेव, फौजेत. स्थळाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलीय, हे कडेगावच्या त्या घरात एकाच माणसाच्या लक्षात होतं आणि त्या माणसाला दर दहा मिनिटांनी कुणीतरी हाक मारत होतं. परीक्षा दिल्याशिवाय बोहल्यावर चढायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मनाशीच, कारण ऐकून घ्यायला सवड कुणाला होती?

आणि आई परवडली असं वाटायला लावणारा होता तो दुपारी तीनचा फोन. होणाऱ्या सासूबाईंचा, भामाबाईंचा. तिकडची माणसं जेवून रानात गेली की त्या न चुकता फोन लावायच्या.

“काय वाचलंस आज?”

पहिल्या दिवशी अपेक्षाला बरं वाटलं होतं. “विवाहसंस्था, आत्या. लग्नाचे प्रकार. अंतर्विवाह, बहिर्विवाह...”

“सावकाश सांग की. बहिर्विवाह म्हंजे?”

“आपल्या कुळात लग्न करायचं नाही, बाहेरच्या कुळात करायचं.”

“ते तर आमाला बी ठावं हाय. त्येला पुस्तक कशाला लागतंय?” मग पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली. “हां. पुढं?”

चाळीस मिनिटं. रोज. काय खाल्लंस, तब्येत कशी आहे, असलं काही नाही. पुस्तकात काय आहे, एवढंच. वर काल सांगितलेलं आज परत विचारायच्या आणि अपेक्षा चुकली की पकडायच्या. “काल विवाहाची कार्यं चार म्हणालीस, आज तीनच कशी?”

“पारखून घेतीया तुला,” आई, सुलाबाई, म्हणाली. “खरंच शिकतीस का नुसतीच कॉलेजला जाऊन येतीस, बघतीया.”

अपेक्षाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण फोन उचलावाच लागायचा.

मुहूर्त दोन निघाले होते, सोळाचा आणि अठ्ठावीसचा. परीक्षा बारा ते बावीस. अपेक्षाचे वडील अर्जुना यांनी कुणालाही न विचारता सोळाचं कार्यालय धरलं. अपेक्षाला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी भामाबाईंचा निरोप आला, “सोळाला मला जमायचं न्हाई.” कारण विचारलं तर, “न्हाई म्हंजे न्हाई.”

“वरमाईलाच जमत न्हाई?” अर्जुना भडकले. “मग लगीन हाय तरी कुणाच्या पोराचं?”

अठ्ठावीस ठरली. अपेक्षा सुटली खरी, पण तिला हायसं वाटण्याऐवजी धास्तीच वाटली. विनाकारण ठरलेली तारीख फिरवणाऱ्या बाईच्या हाताखाली जन्म काढायचा होता.

दोन्ही घरचे सांगलीला बस्ता बांधायला गेले तेव्हा तर कहरच झाला. दुकानभर साड्यांचा ढीग पसरलेला आणि वरमाईचं ध्यान साड्यांत नव्हतंच. नाकावर नवा चष्मा, बोटाला निळी शाई. आवतणाची यादी लिहीत होते, म्हणाल्या. अपेक्षा कोपऱ्यात वही उघडून बसली होती. भामाबाई तिच्याशेजारी येऊन टेकल्या.

“बघू.”

त्यांनी पानं चाळली. मग वही सरळ दुकानाच्या लाल कापडी पिशवीत टाकली.

“आठ दिस ऱ्हाऊ दे माझ्यापाशी.”

“आत्या, अवो, परीक्षा...”

अर्जुनांनी डोळे वटारले. सासू मागते म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? अपेक्षाची वर्षभराची मेहनत लाल पिशवीतून कवठे महांकाळला गेली.

वही परत आली ती परीक्षेच्या चार दिवस आधी. पानांवर हळदीची बोटं उमटलेली आणि जागोजागी पेन्सिलीच्या रेघा. माझ्या चुका काढल्यात, अपेक्षाच्या मनात आलं. तिला रडूच फुटलं. नापास व्हावं म्हणूनच ही बाई टपलेली आहे, याबद्दल आता तिला शंका उरली नाही.

तिनं बिरदेवला मेसेज लिहिला. ‘तुमच्या आईंशी माझं जमणार नाही. हे लग्न नको.’ लिहिला, पण पाठवला नाही. घरात आकांत झाला असता आणि पहिला पेपर बुडाला असता. पेपर सुटला की गेटमधूनच पाठवायचा, असं तिनं ठरवलं. बापानं बोलणं टाकलं तरी चालेल.

कॉलेजात बांधकाम निघाल्यामुळं केंद्र सांगलीला पडलं होतं. बाराला सकाळी साडेसहाच्या एसटीनं ती निघाली. मोबाईल बॅगेत, बॅग वर्गाबाहेर. मेसेज तयारच होता. शेवटून दुसऱ्या बाकावर ती बसली आणि तिनं डोळे मिटले. विवाहसंस्था. कार्यं चार. रोज फोनवर सांगून सांगून निदान तेवढं तरी पाठ झालं होतं.

“मावशी, पालकांनी बाहेर थांबायचं,” दारातून पर्यवेक्षकांचा आवाज आला.

“पालक कोण? ह्यो बघा की कागद.”

“अच्छा, बाहेरून परीक्षा देताय होय! बसा बसा. तुमचा नंबर तिकडं, शेवटच्या बाकावर.”

पावलं जवळ आली. मागच्या बाकावर कुणीतरी बसलं आणि अपेक्षाच्या कोपराशी एक लाल कापडी पिशवी टेकली.

“अपे,” मागून दबक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “घरात कुणाला बोलू नगंस. आन् ते चौथं कार्य कंचं, तेवढं सांग बघू बिगी बिगी, घंटा व्हायच्या आत.”