न उतरणारं वजन

"काका, जरा मागे सरका. वजनकाटा दिसत नाहीये," फोनमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी फोन शिलाई यंत्राला टेकवून ठेवला, पोट आवरलं आणि ते काट्यावर उभे राहिले. पोट आत घेतल्यानं वजन घटत नसतं, पण फोटो काढताना आणि वजन करताना माणूस तेवढं करतोच. आकडा गेल्या खेपेचाच आला.

"आता कमरेचं माप."

हे मात्र मास्तरांच्या हातचं काम. गळ्यातली टेप त्यांनी पोटाभोवती फिरवली, आत दोन बोटं घातली आणि आकडा सांगितला. उभा जन्म लहान मुलींचे फ्रॉक शिवण्यात गेला होता. वाढत्या अंगाचं माप असंच घ्यायचं, दोन बोटं सैल. आता हे अंग वाढून चालणार नव्हतं, पण बोटांना कोण सांगणार?

डॉक्टरीणबाई त्या बोटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इंजेक्शननं मळमळ होते का?"

"होते थोडी." माहितीपत्रकात तसंच छापलं होतं.

"आणि भूक?"

"मेलीच आहे म्हणा ना. डोस वाढवायचा का?"

"नको. आहे तोच राहू दे."

खरं तर भेट इथे संपायला हवी होती. पण बाई दर वेळी काहीतरी जुनं विचारायच्या आणि मास्तरांना तेवढंच पुरायचं. मास्तर सांगायचे, दुकान नवं होतं तेव्हा ते काडीपैलवान होते. शाळा सुरू व्हायच्या आधी दुकानापुढे आयांची रांग लागायची. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग साचायचा आणि खडूची भुकटी नाकातोंडात जायची. बायको समोर बसून काजं करायची, दातांनी दोरा तोडायची. दुपारी एकाच डब्यात दोघं जेवायची.

ऐकताना बाई अंगठ्याचं नख दातांत धरायच्या. मास्तरांच्या बायकोलाही तीच खोड होती. ती घर सोडून गेली त्याला पाव शतक होऊन गेलं. चूक कुणाची, हे विचारणारंही आता कुणी उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात अक्कांनी, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं, फ्रिज पुसायला काढला. लोण्याच्या डब्यामागे इंजेक्शनांची खोकी निघाली. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं.

"हे रे काय? काजांचं यंत्र विकलंस ते हे साठवून ठेवायला?"

मास्तरांनी खोकी पुन्हा लोण्याच्या डब्यामागे सारली.

"टोचून घ्यायची भीती वाटते का?"

"जन्म सुयांत गेला अक्का, भीती कसली?"

"मग?"

"वजन उतरलं की उपचार संपतो. उपचार संपला की भेट संपली."

अक्का मटकन खुर्चीत बसल्या. "तरीच. भेटीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट काय, केसांना तेल काय. अरे, तुझ्या लेकीच्या वयाची असेल ती."

"असेल."

"साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. इतके स्वस्तातले डॉक्टर होते त्या ॲपवर, ते सोडून हीच का?"

"फोटो पाहिला आणि पुढे जाववेना."

अक्कांनी कपाळाला हात लावला. मास्तरांना फॉर्म भरला तो दिवस आठवला. स्वतःचं नाव लिहिताना त्यांचा हात थोडा अडखळला होता. पण असली नावं पैशाला पासरी, असं म्हणून त्यांनी तेच लिहिलं होतं. आताही बहिणीसमोरच त्यांनी पुढच्या महिन्याचे पैसे भरले. अक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मग ॲपच्या कंपनीचा निरोप आला. गुण येत नसेल तर उपचार चालू ठेवायचा की नाही, हे पुढच्या भेटीत डॉक्टर ठरवतील. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना खरोखरच भूक लागेना.

भेटीच्या दिवशी बाईंनी वजनही विचारलं नाही.

"काका, उपचार बंद करावा लागेल."

"अजून थोडं थांबून बघू की. पैसे मी भरतोच आहे."

"पैशाचा प्रश्न नाही. इंजेक्शनं घेता का? खरं सांगा."

'घेतो' हा शब्द मास्तरांच्या ओठांवर तयार होता. पण समोरच्या चेहऱ्याकडे बघून तो बाहेर पडेना.

"नाही. एकही घेतलं नाही."

"का?"

"वजन उतरलं असतं, तर तुम्ही बंद केलं असतं."

बाईंनी चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला. आता बोलणी बसणार, असं मास्तरांना वाटलं. बसली तरी चालणार होती. तेवढाच वेळ ती आणखी दिसली असती.

"बंद करते आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून पैसे भरायचे नाहीत. भेटीची वेळही घ्यायची नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. हे सुख उसनं आहे, कधीतरी परत करावं लागणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फोन बंद करायला त्यांनी बोट पुढे केलं, पण ते काचेला लागेना.

"थांबा. रविवारी मी घरी असते. या. तुमच्या नातीनं तिचे आजोबा अजून पाहिलेले नाहीत."