नदीपलीकडचं मंदिर

“तू जा. मी हितंच थांबते,” करिमुन्निसा म्हणाली आणि धक्क्यावरचा लोखंडी कठडा घट्ट धरून उभी राहिली.

बँकॉकच्या त्या धक्क्यावरून लोक छोट्या बोटीने नदीपार मंदिर बघायला चालले होते. तिच्या मुलीने, शायमाने आग्रह केला नाही. अब्बा मोरा बंदरातून मासेमारीला गेले आणि परतलेच नाहीत. तेव्हापासून अम्मीने बोटीत पाय ठेवला नव्हता. जेट्टीकडे ती फिरकायचीही नाही. मुंबईला जायचं झालं तरी लाँच सोडून एसटीने सगळा वळसा घालायची. ऐरोलीत नोकरी करणाऱ्या शायमाने तिला हौसेने इथवर आणलं होतं; पण आल्यापासून दोघी रस्त्यानेच फिरत होत्या.

तेवढ्यात ढग सरले. सकाळचं ऊन थेट पलीकडच्या मंदिरावर पडलं आणि ते उंच शिखर पायथ्यापासून टोकापर्यंत लखलखलं.

“या अल्ला!” करिमुन्निसाचा हात कठड्यावरून सुटला. “कशाचं केलंय गं?”

“चिनी मातीचे तुकडे, अम्मी. आणि शिंपले.”

“फुटक्या बश्यांचं? येवढं मोठं?”

“हो. एकेक तुकडा हाताने बसवलाय म्हणे.”

करिमुन्निसाने शिखरावरची नजर काढलीच नाही. बोट धक्क्याला लागली, लोक चढू लागले, आणि त्यांच्यामागून तीही चालत गेली, एकदाही खाली न बघता. शायमाला धावत जाऊन बोट गाठावी लागली.

अम्मी अगदी कडेच्या बाकावर बसली होती.

नदीच्या मध्यावर शेजारून मोठी बोट गेली आणि यांची बोट हेलकावली. शायमाने घाबरून आईचा हात धरला. तो जराही थरथरत नव्हता. करिमुन्निसाने तो हळूच सोडवून घेतला, बाहेर काढला आणि उडालेलं पाणी तळव्यावर झेललं. समोर शिखर वाढत चाललं होतं. मान मागे टाकली तरी डोळ्यांत मावत नव्हतं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते नदीचं नव्हतं.

“भीती गेली ना, अम्मी?” शायमाने विचारलं.

“भीती कंची? दर्यावर वाढलेली बाई मी,” करिमुन्निसा म्हणाली. “पान्याला मी कवाच भ्याले नाय, बाय. त्यानं तुझ्या अब्बांना नेलं, म्हनून मी त्याच्याशी बोलनं टाकलं होतं.”