गळकी पिशवी

परात कोरडी होती. मास्तरीणबाईंनी पडल्या पडल्याच मान वळवून पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं. पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर परात, परातीत गरम पाण्याची रबरी पिशवी. झोपताना त्यांनीच ती भरून, बूच घट्ट आवळून तिथं ठेवली होती. पिशवीखाली पाण्याचा टिपूस नव्हता. दाराला आतून कडी लावली होती, तीही जागची हलली नव्हती. चोर पकडला गेला होता. आता फक्त मुलाला हाक मारायची होती.

चोर म्हणजे त्यांची सूनबाई.

काही महिन्यांपासून त्यांच्या गादीला बुरशी येत होती. मास्तरीणबाईंनी आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले होते, कापडाची नस त्यांना ठाऊक होती. कापडाला बुरशी उगीच येत नाही, त्याला ओल लागते. खोलीची भिंत तर खडखडीत. खिडकीतून दिवसभर ऊन. तरी गादीच्या पोटाला काळे ठिपके धरायचे, आणि सकाळी जाग यावी तर चादर दमट. सूनबाईकडे उत्तर तयार असायचं: पिशवी गळते. नवरा उठायच्या आत ती चहा घेऊन यायची, सगळं खापर पिशवीवर फोडायची, चादर ओढून न्यायची आणि सोडा घालून उकळायची. गादीवरचे ठिपके व्हिनेगरच्या पाण्यानं घासायची, गादी गच्चीत उन्हाला टाकायची. एवढं करून कपाळावर आठी नाही. मास्तरीणबाईंना नेमकं तेच खटकायचं. इतकं गोड वागणारं माणूस आतून काहीतरी शिजवत असणार.

पिशवी गळते तर नवी आणू या, असं मुलगा म्हणाला होता. मी आणते, म्हणाली सूनबाई, आणि आणली नाही. उलट चादरीखाली मेणकापड अंथरलं, तान्ह्या पोराला घालतात तसं. गादीला बुरशी लागू नये म्हणून, म्हणे. मग तर हद्दच झाली. आई, या खोलीत ओल आहे, तुम्ही बाथरूमशेजारच्या खोलीत झोपत जा, असं तिनं सुचवलं.

तेव्हा मास्तरीणबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही खोली घरातली सगळ्यात मोठी. इथंच त्यांचं शिलाई मशीन होतं. नवरा गेल्यावर याच मशीनवर त्यांनी पोराला लहानाचं मोठं केलं. आज खोली सोडायची, उद्या घर. म्हाताऱ्या माणसांना कुठं नेऊन सोडतात, ते त्या ऐकून होत्या. त्यातच सूनबाई फोनवर बहिणीशी हळू आवाजात बोलताना त्यांनी ऐकली. “त्यांना अजून काही कळू दिलेलं नाही,” ती म्हणत होती. “यांनाही नाही.”

म्हणजे मुलगा यात नव्हता. त्या एका गोष्टीनं त्यांना बळ आलं. पहाटे त्या गाढ झोपेत असताना ही बाई येते, गादीवर पाणी शिंपडते, बुरशी आणवते आणि पिशवीच्या नावावर बिल फाडते. त्यांनी मनातल्या मनात सगळा बेत असा कापून, जोडून, शिवून ठेवला होता. काल रात्री कडी लावली ती त्यासाठीच. मुलाला कोरडी परात दाखवायची, बस्स.

“अरे, इकडे ये जरा,” त्यांनी जोरात हाक मारली. “लवकर ये. तिलाही घेऊन ये.”

बाहेर पावलं वाजली. मास्तरीणबाईंनी उठण्यासाठी गादीवर हात टेकला. हात ओला झाला.

त्यांनी परातीकडे पाहिलं. मग दाराच्या कडीकडे. मग पुन्हा हाताकडे. मांड्यांना गार लागत होतं. साडी अंगाला चिकटली होती, आणि एक वास येत होता. तो पाण्याचा नव्हता, बुरशीचाही नव्हता. मेणकापड आठवलं. बाथरूमशेजारची खोली आठवली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगा दार वाजवत होता. आई, काय झालं, विचारत होता. त्यांनी चादर कशीबशी गोळा केली, कमरेभोवती शाल गुंडाळली आणि कडी काढली. मुलगा उंबऱ्यातच थांबला. त्याच्या मागून सूनबाई आत आली. तिनं शाल पाहिली, चादरीचा बोळा पाहिला, स्टुलावरची कोरडी परात पाहिली. तिचा चेहरा पडला. मग ती दोन पावलं पुढे झाली आणि परात झाकली जाईल अशी, नवऱ्याकडे पाठ करून स्टुलापुढे उभी राहिली.

“काही नाही रे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “पिशवी गळते का ते बघायला परातीत ठेवली होती. गळते. ही खरंच सांगत होती.”

मुलगा वैतागला. एवढ्यासाठी हाक मारलीस, म्हणाला. आज ऑफिसातून येताना नवीच घेऊन येतो, म्हणाला.

“नको, हीच राहू दे.”

सूनबाईनं चादरीचा बोळा काखेत घेतला. दोन्ही हातांनी परात उचलली आणि ती एकेक पाऊल जपून टाकत दाराकडे निघाली. नवरा तिला वाट द्यायला बाजूला सरकला.

“सांभाळून ने गं,” मास्तरीणबाई मागून म्हणाल्या, “सांडेल.”