वरातीची अकरा मिनिटं

दोन्ही ग्राफिक्स कार्डं विक्रमनं पुन्हा एकदा लावून पाहिली. एकाच कंपनीची, एकाच दिवशी घेतलेली, दिसायला जुळी. फरक काय तो मागच्या नंबरात. एकाचा शेवट सातावर, दुसऱ्याचा नवावर.

कामात मात्र जुळी नव्हती. वरातीचा तोच व्हिडिओ सातवाल्यानं अकरा मिनिटांत तयार केला. नऊवालं तापायचं, त्याला चौदा लागायची.

शिरूरचं एडिटिंगचं दुकान दोघा भावांनी आठ वर्षं मिळून चालवलं होतं. आता सत्यजीत दौंडला स्वतःचं दुकान टाकत होता. भांडण नव्हतं, दोन संसारांना एक दुकान पुरेना एवढंच. तरी सामान वाटायची विक्रमला धास्ती वाटायची. वाटणीनं सख्खे भाऊ तुटलेले त्यानं आपल्या राहू गावात घरोघर पाहिले होते.

त्यांच्या आईनं, साखरबाईनं, रिवाज सांगितला होता. थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. कॅमेरे, दिवे असेच वाटले गेले आणि दरवेळी सत्यजीतनं हलकं तेच उचललं. लहानपणापासूनची खोड. आंबासुद्धा डागाळलेला घ्यायचा. कार्डांची वेळ आली तेव्हा म्हणाला, तपासायचं तूच बघ, मला कुठला वेळ.

या खेपेला विक्रमनं शक्कल लढवली. चांगल्या सातवर ‘चौदा मिनिटं’ अशी चिठ्ठी लावली आणि नऊवर ‘अकरा’. घे म्हणावं आता हलकं!

रविवारी सत्यजीत टेम्पो घेऊन आला. दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, कार्डं उलटीपालटी करून पाहिली आणि नऊवालं उचललं.

“मी ह्ये घेतो दादा. चालंल न्हवं?”

“चालंल की. आधी उचलायचा मान तुझाच हाय.”

विक्रमला फार लागलं. जन्मात पहिल्यांदा सत्यानं स्वतःसाठी चांगलं ते उचललं होतं. वाटणीनं त्यालाही बदललं म्हणायचं. वर आपणच त्याच्या हातात तापणारं कार्ड दिलं, आणि हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं? टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी तो दारातच उभा होता.

मग आत येऊन त्यानं सातवालं कार्ड बसवलं. सत्यजीतचं फोल्डर अजून कॉम्प्युटरवर तसंच होतं. रिकामंच असेल, काढून टाकावं म्हणून त्यानं उघडलं.

आत एकच व्हिडिओ होता, तीच वरात. तारीख गेल्या गुरुवारची. त्या दिवशी विक्रम शूटिंगला भांडगावला गेला होता.

फाईलला नाव दिलं होतं, ‘सात नंबर अकरा मिनिटं, दादाला’.