बापाचं नाव

आमच्या कॉन्सेप्सिओन गावात पहिल्या मुलाला बापाचंच नाव देतात. माझा नवरा विल्फ्रिदो बेनितेस, सासरेही विल्फ्रिदो बेनितेस. त्यामुळे मुलगा झाला तेव्हा नावाचा मी विचारसुद्धा केला नव्हता.

"माझं नको," नवरा म्हणाला. "तुला आवडेल ते ठेव."

सासूबाईंनीही त्याचीच री ओढली. "मी किती विल्फ्रिदो सांभाळू गं? एकाला हाक मारावी तर ओ दुसराच देतो. कॅलेंडरात बघ, आज कुठला संत आहे."

संत पांतालेओन होता. तेच ठेवलं. नवऱ्याला कसला म्हणून अहंकार नाही, हे मी शेजारणींना महिनाभर सांगत होते.

काल बाळाच्या लशीला सासूबाई सोबत आल्या. नर्सनं पुकारलं, "विल्फ्रिदो बेनितेस!"

मी बाळाला घेऊन उठले. "अहो, ते बापाचं नाव. याचं पांतालेओन."

"तुम्ही बसा," नर्स म्हणाली.

मागच्या बाकावरून चारेक वर्षांचा एक मुलगा उठला. जाता जाता सासूबाईंना बिलगून म्हणाला, "आजी, या वेळी माझ्याबरोबर का नाही आलीस?"



मी परत खाली बसले. आमचा नंबर अजून यायचा होता.